नाक सरळ दाखवणारं पुरणयंत्र

कुठलीही वस्तू आधी डोळ्यांनी बघावी आणि मगच घरात आणावी, हा निपाणीकरांच्या घराण्याचा नियम होता. हुबळीतल्या त्यांच्या भांड्यांच्या दुकानात तो आजोबांच्या काळापासून पाळला जात होता आणि तारिहाळच्या कारखान्यातही तो तितक्याच निष्ठेनं पाळला जाई. अडचण एवढीच होती की कारखान्यात वस्तू आणायची नसते, करायची असते. न केलेली वस्तू आधी डोळ्यांनी बघायची कशी, हा प्रश्न दोन हजार चार साली 'सुशीला गृहयंत्र उद्योगा'समोर अत्यंत गंभीरपणे उभा राहिला.

तो उभा केला नेत्रानं. नेत्रा मळमड्डीची, नुकतीच मेकॅनिकल इंजिनिअर झालेली, आणि सुशीला गृहयंत्रच्या डिझाइन विभागाची प्रमुख. विभागात ती एकटीच होती, त्यामुळे प्रमुखपदासाठी फारशी चुरस झाली नव्हती. आजवर कारखान्यात शेवयांचे सोरे आणि चकलीचे साचे व्हायचे. नेत्रानं कॉम्प्युटरवर विजेचं पुरणयंत्र काढलं होतं.

ते काढलं होतं मालतीमावशीसाठी. मावशी नेत्राच्याच घरी राहायची आणि अर्ध्या मळमड्डीच्या पुरणपोळ्या करून द्यायची. मुंज असो, बारसं असो, हात मावशीचा. हातानं फिरवायच्या पुरणयंत्रानं तिचं उजवं मनगट आता इतकं सुजायचं की तिला बांगडी चढत नव्हती.

"शिमग्याच्या आधी माझं यंत्र तुझ्या ओट्यावर," नेत्रानं तिला वचन दिलं होतं.

"कुठल्या शिमग्याच्या, ते पण सांगून ठेव," मावशी म्हणाली होती.

यंत्राची सगळी करामत त्याच्या पोटात होती. मडक्यासारखं गोल पोट. गोल, म्हणूनच आतलं पातं फिरलं की पुरण कडेला चिकटून न बसता निमूटपणे परत मध्ये यायचं. हा गोल आकार जमवायला नेत्रानं अख्खा पावसाळा घातला होता. तो जमला तेव्हा ती बसमध्ये एकटीच हसत होती आणि रायापूरला चढलेल्या एका आजींनी तिच्यापासून दोन सीटा लांब बसणं पसंत केलं होतं.

मालक पांडुरंगअण्णा निपाणीकर कॉम्प्युटरसमोर वाकले. पडद्यावर राखाडी रंगाचा एक गोळा होता.

"हे काय, दगडाचं करायचं?"

"नाही अण्णा, स्टीलचं. कॉम्प्युटरला अजून ते माहीत नाही."

"मग सांग की त्याला."

"त्याला वेगळं सॉफ्टवेअर लागतं, रेंडरिंगचं. उजेड कुठून पडतो, चकाकी कशी येते, सगळं तेच ठरवतं. म्हणजे न केलेल्या वस्तूचा फोटोच समजा."

हे वाक्य नेत्रानं बोलायला नको होतं. पण ती नोकरीत नवी होती आणि खरं बोलायची सवय अजून मोडलेली नव्हती.

"न केलेल्या वस्तूचा फोटो," अण्णा खुर्चीत बसत म्हणाले. आजोबांचा नियम आता न केलेल्या वस्तूंनाही लागू करता येणार होता. "छलो की, छानच. शिमग्याआधी हुबळीत प्रदर्शन आहे, तिथं हाच फोटो लावू. फोटो पास झाला की त्याच दिवशी पत्रा कापायचा. तोवर पत्र्याला हात लावायचा नाही. आणि सॉफ्टवेअरही बघूनच घ्यायचं. समिती नेमू."

अशा रीतीनं 'रेंडरिंग सॉफ्टवेअर निवड समिती' अस्तित्वात आली. अध्यक्ष अण्णा. महिला प्रतिनिधी अण्णांच्या पत्नी शालिनीअक्का. तांत्रिक सदस्य नेत्रा. आणि सल्लागार बाळाचार्य. बाळाचार्य शिक्षण खात्यातून निवृत्त झाले होते आणि नोकरीभर निरनिराळ्या निवड समित्यांवर बसत आले होते. शिपायापासून प्राचार्यापर्यंत आणि खडूपासून घंटेपर्यंत त्यांनी सगळं निवडलं होतं. बैठकीला ते स्वतःची उशी घेऊन यायचे, कारण बैठक किती चालेल हे बैठकीलाही माहीत नसतं.

"समितीनं निवडीची घाई करायची नसते," त्यांनी पहिल्याच दिवशी उशीवर स्थानापन्न होत मार्गदर्शन केलं. "निवड झाली की समिती संपते."

त्यामुळे पहिल्या बैठकीत समितीचं नाव ठरलं. दुसऱ्या बैठकीत चहाबरोबर चुरमुऱ्यांचं गिरमिट असावं की मिरची भजी, यावर मतभेद झाले आणि विषय पुढं ढकलून दोन्ही मागवण्यात आलं. दरम्यान दिवाळी झाली. मावशीनं मनगटाला फडकं बांधायला सुरुवात केली.

शेवटी एकदाची सॉफ्टवेअरं दाखवायला माणसं आली. पहिलं बंगळूरचं. टाय लावलेल्या तरुणानं पडद्यावर लालभडक मोटार दाखवली. तिच्या टपावर ढग चमकत होते.

"गाडी छान आहे," शालिनीअक्का म्हणाल्या, "पण आमच्या गेटातनं आत येणार नाही."

"मॅडम, हा फक्त नमुना आहे. यात काहीही दाखवता येतं."

"मग तांब्या दाखवा," बाळाचार्य म्हणाले.

तरुणानं थोड्या खटपटीनं स्टीलचा तांब्या दाखवला. तो खरोखरच चकाकत होता. नेत्राला वाटलं, झालं, आता पत्रा कापला. पण बाळाचार्यांनी आयुष्यात कुठलीही वस्तू नमुन्याशी पडताळल्याशिवाय मंजूर केली नव्हती. त्यांनी शालिनीअक्कांचा खरा तांब्या आणवला, पडद्याशेजारी ठेवला, आणि समिती दोन्ही तांब्यांवर आळीपाळीनं वाकली.

"यात खिडकी कुणाची दिसतीय?" शालिनीअक्कांनी पडद्यावर बोट टेकवलं. "आणि हे नारळासारखं काय?"

"ते सॉफ्टवेअरबरोबरच येतं, मॅडम. स्टील म्हटलं की आजूबाजूचं काहीतरी त्यात दिसायला हवं ना. तशी एक परदेशातली खोली आत घालून दिलेली असते."

"म्हणजे तांब्या आमचा आणि आत घर परक्याचं."

"आणि इकडं बघा," अण्णा खऱ्या तांब्यावर वाकून म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "यात आपण आहोत."

समिती पुन्हा खऱ्या तांब्यावर वाकली. आणि खरंच, त्यात अध्यक्ष होते, महिला प्रतिनिधी होत्या, उशीसकट सल्लागार होते. बराच वेळ कुणी वर बघेना. बंगळूरच्या तरुणानं आपला कॉम्प्युटर हळूच मिटला.

ज्या सॉफ्टवेअरच्या स्टीलमध्ये समिती दिसत नाही ते सॉफ्टवेअर निकृष्ट, असा निकष त्याच दिवशी ठरला. दुसरं सॉफ्टवेअर घेऊन आलेल्या पुण्याच्या गृहस्थांना तो कळवला तेव्हा त्यांनी चष्मा पुसून शांतपणे सांगितलं की आमच्याकडे स्टीलमध्ये गिऱ्हाईक दिसण्याची पद्धत नाही. मग ते चहा न घेता निघून गेले. त्याचा मात्र समितीवर चांगला परिणाम झाला. अण्णा कितीतरी दिवस म्हणत होते, माल चांगलाच असणार.

राहिलं एक फुकटचं सॉफ्टवेअर. ते कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेल्या सीडीत होतं.

"फुकटच्याला माझा विरोध आहे," बाळाचार्य म्हणाले. "काही चुकलं तर झापायचं कुणाला?"

"मला झापा," नेत्रा म्हणाली. तिला शिमगा दिसत होता. "यात आपण चारी बाजूंनी फोटो काढून घातले की स्टीलमध्ये तेच दिसतात. आपली खोली, आपली माणसं, सगळं."

हा मुद्दा निर्णायक ठरला.

फोटोसाठी जागा ठरली शालिनीअक्कांचं स्वयंपाकघर, कारण तिथं नव्या टाइल्स बसल्या होत्या. मळमड्डीतल्या स्टुडिओवाल्याला बोलावलं. अण्णा जरीच्या टोपीत, शालिनीअक्का इरकलीत आणि बाळाचार्य शाल पांघरून गॅसच्या शेगडीशेजारी उभे राहिले. यंत्राच्या पोटावर मध्यभागी कोण येणार, यावर थोडी चर्चा झाली. शेवटी मध्यभागी अध्यक्षच असावेत असं अध्यक्षांनी ठरवलं.

मग नेत्रानं कॉम्प्युटरला कामाला लावलं आणि फुकटच्या सॉफ्टवेअरची खरी किंमत कळली. पडद्यावर चित्र वरून खाली एकेक रेघ करत उतरत होतं. सकाळी सुरू केलं तर दुपारपर्यंत झाकणसुद्धा पुरं होत नव्हतं. शालिनीअक्का डोकावून म्हणाल्या, "अजून भाजतंय होय?" आणि त्या दिवसापासून अख्ख्या कारखान्यात त्याला भाजणंच म्हणू लागले.

त्यातून नवीन अडचण. शेडमध्ये वेल्डिंग सुरू झालं की विजेचा दाब उतरायचा, कॉम्प्युटर मान टाकायचा आणि भाजणं पहिल्यापासून. यूपीएस होता, पण त्याला अण्णांचा पंखा जोडलेला होता. अध्यक्षांना घाम येऊ देणं समितीच्या शिस्तीत बसत नव्हतं. म्हणून वेल्डिंग बंद ठेवलं. मग प्रेस बंद ठेवला. मग लेथ. शेवटी भाजण्याच्या दिवशी कारखानाच बंद ठेवायचा असं ठरलं आणि दारावर बाळाचार्यांच्या वळणदार अक्षरातला फलक लागला : 'शांतता राखा. चित्र भाजत आहे.' कामगार शेडमध्ये कॅरम खेळू लागले. सोऱ्यांची मागणी घेऊन आलेल्या दुकानदारांना परत पाठवण्यात आलं, कारण यंत्राचं चित्र काढण्यातून यंत्रांच्या कारखान्याला सवड नव्हती.

चित्र भाजून निघालं. यंत्र असं झगझगीत दिसत होतं की नेत्रानं ओढणीनं पडदा पुसून घेतला. समिती जवळ सरकली.

"हे कोण?" अण्णांनी विचारलं.

गोल पोटावर मधोमध एक भलंमोठं वांगं होतं. त्याला वर जरीची टोपी होती.

"ते... तुम्ही, अण्णा. पोट गोल आहे ना, त्यामुळे नाक जरा पुढं येतं."

"आणि मी?" बाळाचार्यांनी विचारलं. ते पोटाच्या वळणावर आल्यामुळे त्यांची फक्त शाल दिसत होती. शालिनीअक्कांची इरकल या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली होती आणि त्यांनी अंगावरचा पदर घट्ट आवळून घेतला.

"सॉफ्टवेअरात दोष आहे," अण्णा म्हणाले.

"नाही अण्णा, सॉफ्टवेअर खरं तेच दाखवतंय. तांब्यातही असंच दिसलं होतं."

"तांब्यात मी छलो दिसत होतो."

बाळाचार्यांनी उशी सारखी केली. "सॉफ्टवेअर निर्दोष आहे असं तांत्रिक सदस्याचंच म्हणणं. म्हणजे दोष यंत्रात आहे. पोट थोडं सपाट करावं."

"सर, पोट सपाट केलं तर पुरण कोपऱ्यात अडकून बसेल. पातं नुसतंच मध्ये फिरत राहील."

"बाळ, पुरण ही नंतरची बाब आहे. सध्या समितीसमोर विषय नाकाचा आहे."

नेत्रा भांडली. पुढच्या बैठकीतही भांडली, त्याच्या पुढच्याही. संक्रांत उलटली, प्रदर्शन तोंडावर आलं, यंत्राचा पत्रा तसाच उभा होता. तिनं आकृत्या काढल्या, पिठाचा गोळा फिरवून दाखवला, एकदा तर डबा आणि मडकं दोन्ही आणून त्यात लापशी ढवळली. समितीनं लापशीची चव पसंत केली.

मग एका दुपारी शालिनीअक्कांकडच्या पूजेच्या पोळ्या द्यायला मालतीमावशीच आली. बैठक स्वयंपाकघरातच चालली होती. मावशीनं डबा ठेवला, समोरच्या कागदावर काढलेल्या सपाट पोटाच्या यंत्राकडे बघितलं आणि म्हणाली, "यात पुरण कुठं फिरायचं?"

सगळ्यांच्या तोंडात पोळी होती.

"मनगटाला काय झालं हो, मावशी?" अण्णांनी फडक्याकडे बघत विचारलं.

"तुम्ही खाताय ते," मावशी म्हणाली.

अण्णांनी घास गिळला. मग त्यांनी नॅपकिननं बोटं पुसली, एकेक करून, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. "गोल राहू दे," ते म्हणाले. "नाकाचं काय, वय झालंच की आता."

"माझी शाल तरी नीट आली आहे," बाळाचार्य उदारपणे म्हणाले.

नेत्राला आनंदानं काय करावं कळेना. तिनं मावशीला तिथंच मिठी मारली, मनगट सांभाळून. समिती हरली होती, गोल पोट जिंकलं होतं. अण्णाही आता मोठ्या मनाच्या भरात होते.

"एक काम करू. यंत्र तुमचं. पुढच्या फोटोत तुम्ही दोघीही उभ्या राहा. शेवटचं भाजू आणि उद्याच्या उद्या पत्रा कापू."

नेत्रानं त्यासाठी नवा मोरपंखी ड्रेस घातला. पार्लरमध्ये जाऊन भुवया कोरून घेतल्या, हे तिनं घरी सांगितलं नाही, पण भुवया लाल झाल्यामुळे सांगायची गरजही पडली नाही. मावशीनं नथ घातली. फोटो निघाले. कारखाना बंद झाला, फलक लागला, चित्र भाजायला ठेवलं.

संध्याकाळी ते उतरलं तेव्हा खोलीत नेत्रा आणि मावशी दोघीच होत्या. नेत्रानं यंत्राकडे बघितलं नाही. तिनं पोटाच्या उजव्या कडेला बघितलं, जिथं मोरपंखी रंग होता. त्या कडेला तिची हनुवटी पळीसारखी लांब खाली उतरली होती आणि नव्यानं कोरलेल्या भुवया मिशांसारख्या वर उडाल्या होत्या.

हे प्रदर्शनात लागणार. प्रदर्शनात तिच्या वर्गातल्या सगळ्या मुली येणार. दीपश्री तर बंगळूरहून मुद्दाम येणार. दीपश्रीला तिथं मोठ्या कंपनीत नोकरी लागली होती आणि तिनं फोनवर विचारलं होतं, "तारिहाळला काय करतेस गं, सोरे?"

नेत्रानं माउस हातात घेतला. एवढंसं. अगदी एवढंसं. पोटाला कळणारसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा भाजलं. भुवया खाली आल्या. हनुवटी अजून लांब होती. म्हणून आणखी एवढंसं. तिसऱ्या खेपेला मावशी चष्मा लावून पुढं आली.

"माझी नथ कुठाय?"

"वळणात गेली, मावशी."

"मग काढ की वळणातनं. मोत्यांची आहे ती."

"पोट अजून सपाट करावं लागेल."

मावशीनं सुजलेलं मनगट दुसऱ्या हातानं चोळलं, पडद्याकडे बघितलं, पुन्हा चोळलं. "नथीपुरतं कर," ती म्हणाली.

समितीसमोर शेवटचं चित्र आलं तेव्हा प्रत्येकानं आधी स्वतःला शोधलं. अण्णांचं नाक सरळ होतं. शालिनीअक्का सडसडीत होत्या. बाळाचार्य शालीच्या वर डोक्यासकट होते. नथीचा मोतीन् मोती दिसत होता आणि मोरपंखी ड्रेसातली मुलगी, खरं सांगायचं तर, प्रत्यक्षापेक्षा बरी दिसत होती.

"बघा, काय सॉफ्टवेअर आहे," अण्णा भारावून म्हणाले. "गोल पोट ठेवूनसुद्धा नाक सरळ. हे गोल पोटच ना, नेत्रा?"

"जवळजवळ," नेत्रा म्हणाली.

पडद्यावरचं पोट आरशासारखं सपाट होतं. पण पोटाकडे कुणी बघतच नव्हतं. ठराव एकमतानं मंजूर झाला, समितीच्या इतिहासातला पहिलाच.

चित्रात एक आणि दुकानात दुसरं असं निपाणीकरांच्यात चालत नसल्यामुळे पत्रा हुबेहूब चित्राप्रमाणे कापला गेला. प्रदर्शनात सुशीला गृहयंत्रच्या गाळ्याइतकी गर्दी कुठंच नव्हती. बायका यंत्रासमोर येऊन गजरा सारखा करायच्या, पुरुष मिशीवरून हात फिरवायचे, आणि अस्सं छान यंत्र कुठं बघितलं नाही म्हणायचे. दीपश्रीनं तर त्यात बघून लिपस्टिक लावली आणि एक यंत्र बंगळूरला पाठवायला सांगितलं. कुणी जिज्ञासूनं आत डोकावून विचारलंच, की पुरण चारी कोपऱ्यांत का बसलंय आणि पातं एकटंच का फिरतंय, तर बाळाचार्य उशीवरून न उठता सांगत, "पुरणाचं आम्ही दुसऱ्या टप्प्यात बघणार आहोत. समिती नेमली आहे."

दिलेल्या वचनाप्रमाणे शिमग्याच्या आधी यंत्र मावशीच्या ओट्यावर आलं. होळीच्या सकाळी मावशीनं त्यात शिजवलेला डाळ-गूळ घातला, बटण दाबलं, थोडा वेळ पातं फिरताना बघितलं आणि बटण बंद केलं. मग फळीवरून हाताचं जुनं यंत्र काढलं आणि फडकं घट्ट बांधून पुरण फिरवायला बसली. नेत्रा बाजूला उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मावशी, चुकलंच माझं."

मावशीनं दांडा थांबवला, मान वळवून ओट्यावरच्या यंत्रात बघितलं आणि कपाळावरची बट मागं सारली. "असू दे गं. छलो दिसते मी यात."

नेत्रानं डोळे पुसले. यंत्रात बघून पुसले, म्हणजे काजळ पसरायला नको.

आता तुम्ही या सगळ्यांना हसत असाल, तर खुशाल हसा. फक्त एक करा. घरातल्या शेवटच्या लग्नाचा अल्बम काढा, आणि त्यात नवरा-नवरी डोळे मिटून उभे असलेला जो फोटो तुम्ही सगळ्यांना 'हा फारच छान आलाय' म्हणून दाखवत फिरत होता, त्यात कोपऱ्यात छान हसत कोण उभं आहे ते एकदा बघून घ्या.